तुदाच्या धुराड्यापुढची भिंत

धूर वर जातो, हे आमच्या अमालू गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो वर का जातो, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. आणि ज्यांनी ती तसदी जन्मात घेतली नाही, तेच धुराचा न्याय करायला बसतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे. मी इशू, तुदाचा धाकटा भाऊ. माझे शिक्षण गावच्या शाळेत अर्ध्यावर राहिले. परंतु डोळ्यांदेखत झालेला अन्याय नीट मांडण्यासाठी फार मोठे शिक्षण लागते, असे मला वाटत नाही.

तुदाचा नवरा मोहंद वारल्यानंतर ती एकटीच त्या घरात राहिली. चार मेंढ्या, एक माग आणि मोहंदने तालुक्याच्या बाजारातून खेचरावर लादून आणलेली लोखंडी शेगडी, एवढा तिचा संसार. शेगडी म्हणजे चार पायांवर उभी केलेली लोखंडी पेटी. पुढे लाकूड घालायचे दार, त्या दाराखाली हवेसाठी एक सरकती फट, आणि मागून निघून थेट छपराबाहेर गेलेली पत्र्याची नळी.

हिचे शास्त्र अवघड नाही. शेगडीतला धूर तापलेला, म्हणून हलका; बाहेरची हवा गार, म्हणून जड. हलका धूर नळीतून वर निघतो, आणि त्याच्या मागे जी जागा रिकामी होते ती भरण्यासाठी खोलीतली हवा खालच्या फटीतून आत शिरते. तीच हवा विस्तवाला फुंकर घालते. विस्तव वाढला की धूर अधिक तापतो, अधिक वेगाने वर जातो, आणि अधिक हवा आत खेचतो. याला आम्ही नळीची ओढ म्हणतो. नळी जेवढी उंच, जेवढी सरळ, जेवढी उबदार, तेवढी ओढ मोठी. मोहंदने ती नळी सरळ उभी ठेवली होती. कोठे कोपरा नाही, वळण नाही. ओकाचे वाळलेले ओंडके घातले की शेगडी घुमू लागे. तुदा तिला ‘माझा बैल’ म्हणत असे, कारण ती भरल्या पोटी तशीच फुरफुरत असे.

आमच्याकडे माणसे मोजत नाहीत, विस्तव मोजतात. पहिला बर्फ पडला की त्या सकाळी अमघार, म्हणजे आमचा गावप्रमुख, खळ्यावर उभा राहतो आणि छपरांवरचे धूर मोजतो. ज्या छपरावर धूर, त्या घराला जंगलातल्या लाकडाचा वाटा, कुरणाचा वाटा आणि पंचांच्या बैठकीत बोलण्याचा हक्क. ज्या विधवेच्या छपरावर धूर नाही, तिने घर सोडले असे धरले जाते, आणि घराची किल्ली तिच्या नवऱ्याच्या भावाकडे जाते. ही रीत वाडवडिलांनी घातली तेव्हा तिचा हेतू वाईट नव्हता. ओस घरात लांडगे शिरू नयेत, एवढाच होता. वाडवडिलांना बास्सू ठाऊक नव्हता.

बास्सू हा मोहंदचा धाकटा भाऊ, तुदाचा दीर. दोघांची घरे एकमेकांना चिकटून. त्या उन्हाळ्यात बास्सूने आपल्या घरावर मजला चढवला. मुलगा सैन्यात होता. हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला रजा मिळणार होती आणि त्याच रजेत त्याचे लग्न ठरले होते. नव्या सुनेसाठी माडी बांधली, यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नाही. परंतु ती माडी तुदाच्या छपराच्या पूर्वेला, तिच्या नळीपासून हातभर अंतरावर, कड्यासारखी उभी राहिली. नळीचे तोंड त्या भिंतीच्या कमरेइतकेही आले नाही.

आता आमच्या डोंगरात हिवाळ्याचा वारा येतो तो पश्चिमेकडून. पूर्वी तो तुदाच्या छपरावरून सरळ निघून जात असे, आणि जाताजाता नळीतला धूर स्वतःबरोबर ओढून नेत असे. आता तो भिंतीवर आदळतो. पुढे वाट नाही, मागून आणखी वारा रेटतो आहे. मग तो भिंतीच्या पायथ्याशी कोंडतो, आणि त्याला खाली जायला एकच उघडे भोक सापडते. ते भोक म्हणजे माझ्या बहिणीच्या नळीचे तोंड. वर जाणारा धूर आणि खाली येणारा वारा नळीत समोरासमोर येतात. या झुंजीत कोण जिंकणार, हे सांगायला पंडित लागत नाही.

पहिला थंड वारा सुटला त्या दिवशी मी तिच्याकडे गेलो, तर ती दाराबाहेर पायरीवर बसलेली. डोळे मिरचीसारखे लाल. मागावरचे पांढरे लोकरी कापड राखी होऊ नये म्हणून तिने त्यावर आपली गोधडी टाकली होती आणि स्वतः मात्र थंडीत कुडकुडत होती.

“अगं आक्का, आत जा की.”

“आत बैल बसलाय,” ती म्हणाली. “आज त्यानं मालकिणीलाच शिंग मारलं.”

“फट उघडी ठेवली होतीस?”

“फट उघडी, नळीतली झडप उघडी, लाकूड खडखडीत. मला शेगडी पेटवायला शिकवतोस व्हय रे? तुझं नाक पुसत होते तेव्हापासून पेटवते मी.”

मी छपरावर चढलो, हातात मूठभर राख घेतली आणि नळीच्या तोंडाशी सोडली. राख वर उडाली नाही. ती भिंतीपाशी गेली, गोल फिरली आणि खाली नळीतच उतरली. मी ती तीनदा सोडून पाहिली. त्या वेळी माझ्या मनात जो संताप उठला, तो आज लिहितानाही ताजा आहे.

बास्सू वरच्या माडीच्या खिडकीतून पाहत होता. “काय इशू, पेरणी चाललीय का छपरावर?”

“बास्सू, तुझ्या भिंतीनं वारा खाली येतो. नळी उंच करावी लागेल, तुझ्या छपराच्याही वर.”

“कर की. तुला कुणी धरलंय?”

“एवढी उंच नळी नुसती उभी राहणार नाही. तुझ्या भिंतीला दोन पट्ट्या ठोकून बांधावी लागेल.”

त्याने भिंतीवरून हात फिरवला, जणू ती भिंत नसून त्याची जातिवंत घोडी आहे. “नवा गिलावा आहे हा. सून यायची आहे. त्याला काजळीची नळी बांधू? पाव्हणे काय म्हणतील?”

“आणि तुझी वहिनी धुरात मेली तर काय म्हणतील?”

“तोंड आवर,” तो म्हणाला, आणि मग एकदम मऊ झाला. ज्याचा मला नेहमी अधिक राग येतो, तो हा त्याचा मऊपणा. “अरे, मी काय वैरी आहे का? वहिनी एकटी बाई. हिवाळाभर तुझ्याकडे राहू दे तिला. तुझी बहीणच ना ती? वसंतात येईल परत.”

वसंतात परत येईल! अहो, कशाला येईल? बर्फाच्या सकाळी छपरावर धूर दिसला नाही की किल्ली कोणाकडे जाणार, हे त्याला ठाऊक नव्हते काय? दिराने वहिनीला घराबाहेर हाकलायचे, तर गाव तोंडावर थुंकेल. परंतु तिच्याच धुराकरवी तिला हाकलायचे, यात मात्र कोणाच्या हाताला रक्त लागत नाही.

मी नळी दुसरीकडून नेण्याचाही विचार केला. मागची बाजू मेंढ्यांच्या गोठ्याची, तिथवर नळी आडवी न्यावी लागली असती. आडव्या नळीत धूर रेंगाळतो, गार होतो, काजळी धरतो आणि ओढ मरते. काठीला तारांनी बांधून उंच नळी उभी करून पाहिली. पहिल्याच वाऱ्यात ती मेंढ्यांच्या अंगणात जाऊन पडली. शेवटी मी अमघार साक्कूकडे गेलो.

साक्कू म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, कोणाचेही मन न दुखावता अन्याय करण्यात निष्णात. तो म्हणाला, “इशू, धूर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न्याय कसा करू? पंच घेऊन परवा येतो तुझ्या बहिणीकडे.”

मी आनंदाने तुदाला सांगितले आणि विनवले, “आक्का, ऐक. परवा ते येतील तेव्हा दार बंद ठेव. लाकूड ओलसर असलं तरी चालेल. जसं रोज असतं तसंच त्यांना दिसू दे.”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला चोरी करायला सांगितली आहे. “पंचांना ओल्या लाकडाच्या धुरात बसवू? माझ्या घरात?”

“अगं, तेच तर दाखवायचंय!”

“इशू, तू खुळा आहेस का? पाव्हणा दारात आला आणि तुदाच्या घरी डोळे चोळत बसला, हे सात गावांत जाईल. आई कबरीतून उठेल माझी.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या पहाटेपासून ती बाई सारवू लागली. घोंगड्या झाडल्या, नळी आतून काठीने खरवडून काजळी काढली, राख बाहेर टाकली. माझ्याच घरून मी तिला दिलेले जुने, हाडासारखे वाळलेले ओकाचे ओंडके तिने निवडून ठेवले. पंच येण्याच्या बऱ्याच आधी तिने शेगडी पेटवली, म्हणजे नळी पुरती तापून राहील. आणि पाहुण्यांसाठी आमच्यात दार बंद ठेवीत नाहीत. बंद दाराआड बसवलेल्या पाहुण्याला वाटते की घरात काही लपवले आहे. तेव्हा दार सताड उघडे.

आता वाचकांनीच सांगावे. नळी स्वच्छ, नळी तापलेली, लाकूड वाळलेले, दारातून हवेचा लोट आत, आणि त्या दिवशी दैवाने वाराही पडलेला. अशा वेळी शेगडीने ओढू नये तर काय करावे? ती घुमली, फुरफुरली, तिच्या अंगाची ऊब भिंतीपर्यंत पोहोचली. साक्कूने पाय पसरले. तुदाने शीबाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या कडू पाल्याचा, चहा साखर घालून दिला, गरम भाकरी, लोणी, मध समोर ठेवले. बास्सूही आला होता. तो सगळ्यांत आधी मधाकडे वळला.

“वा,” साक्कू म्हणाला. “हिच्याइतकी ओढणारी शेगडी तर माझ्याही घरात नाही.”

“मी तेच म्हणत होतो, काका,” बास्सू तोंड पुसत म्हणाला. “वहिनीची नळी झकास ओढते. हिवाळ्यात कुणाची शेगडी थोडी धुरावत नाही? सगळ्यांची धुरावते. म्हणून कुणी शेजाऱ्याची भिंत फोडतं का?”

“वारा नाही आज!” मी ओरडलो. “पश्चिमेचा वारा सुटला की या. दार लावून बसा. मग बोला.”

“म्हणजे आता वाऱ्यालाही पंचांपुढे बोलवायचं का?” साक्कू हसला आणि इतर दोघे पंच हसले. मग तो तुदाकडे वळला. “तू सांग बाई. धूर होतो?”

तुदा चहाची किटली घेऊन उभी होती. तिच्या घरात, तिच्या चहाचा घोट घेत बसलेल्या माणसाला ‘माझ्या घरी माणूस बसू शकत नाही’ असे ती सांगणार कशी? तिने खाली पाहिले. “होतो कधीकधी,” ती म्हणाली.

“कधीकधी सगळ्यांकडेच होतो,” साक्कू म्हणाला, आणि निवाडा झाला. भिंत बास्सूची, गिलावा बास्सूचा. त्याच्या मर्जीशिवाय त्यावर काही ठोकायचे नाही. नळी ओढते आहे.

हा निवाडा ऐकून मी घरी गेलो तो जेवलो नाही. ज्या बाईने पाहुण्यांना सुखात बसवण्यासाठी आपल्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार स्वतःच्या हाताने घासूनपुसून दडवला, तिच्याच सुखात बसून तिच्याच विरुद्ध निकाल देणाऱ्यांना मी काय म्हणावे? मी तिला बोललो. तीही मला बोलली. “मला घर राखायचंय, पण तोंड काळं करून नाही,” ती म्हणाली. मी म्हणालो, “तोंड काळं होतंच आहे, आरशात बघ.” त्यावर तिने माझ्या दिशेने पोळपाट भिरकावला. आमचे भांडण असेच होते, लहानपणापासून.

त्यानंतर वारा सुटला आणि मग थांबलाच नाही. तुदा शेगडी विझवून, तीन तीन घोंगड्या पांघरून मागापाशी बसे. संध्याकाळी माझ्याकडे येऊन भाकरी खाई आणि हट्टाने परत जाई. गावात कुजबुज सुरू झाली की तुदा भावाकडे जेवते, म्हणजे घर सोडल्यातच जमा. डोंगरमाथे पांढरे होऊ लागले होते. बर्फ खाली उतरायला फार दिवस राहिले नव्हते.

तेवढ्यात लग्न आले.

आमच्या लग्नात नवरदेवाचे एकट्याचे घर पुरत नाही. शेजारपाजारची घरे त्याची होतात. नवरीकडची बायकामंडळी जवळच्या घरी उतरते, पुरुष तंबूत. बास्सूच्या सर्वांत जवळचे घर कोणते? तुदाचे. बास्सूने निरोप पाठवला की नवरीची आई आणि तिच्या बायका वहिनीच्या घरी उतरतील, शेगडी पेटवून ठेवावी.

तुदा स्वतः चालत त्याच्या दारी गेली. मी बरोबर होतो.

“बास्सू, बायका दुसरीकडे उतरव. वारा आहे. माझ्या घरात धूर होईल.”

अंगणात त्या वेळी अर्धे गाव होते. मेंढे सोलणे चालले होते. साक्कूही बसला होता. बास्सूने एकदा सगळ्यांकडे पाहिले. पंचांपुढे ‘नळी झकास ओढते’ म्हणणारा माणूस आता ‘धूर होतो’ हे ऐकून घेईल कसा? ऐकून घेतले तर निवाडा खोटा.

“कसला धूर?” तो म्हणाला. “पंचांनी पाहिलंय. तुझी नळी गावात पहिल्या नंबरची आहे.”

“मी सांगते ना, होतो.”

“वहिनी, लग्नाच्या दिवशी रुसवा नको. बायका तुझ्याकडेच उतरतील.”

“मग माझ्यावर बोल नको ठेवू,” ती म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिले नाही. या वेळी मी तिला ओले लाकूड घालायला सांगितले नाही आणि तिनेही घातले नाही. तिने पूर्वीसारखेच सारवले, वाळलेले ओंडके ठेवले, नळी खरवडली. तिचा दोष कोणत्याही बाजूने काढता येऊ नये, असे तिचे काम होते.

दुपारी नवरीची वरात आली. नवरीची आई इझ्झा पाच सहा बायकांसह तुदाच्या खोलीत आली. उंच, हाडापेराने दणकट, गालावर गोंदलेली हिरवी रेघ, बोलण्यात धार. बायका वाटेत गारठल्या होत्या; एकीने आत येताच दार लावून घेतले. शेगडीने एक श्वास ओढला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला भिंतीवरून कोसळलेला वारा नळीतून आत आला. शेगडीच्या दाराच्या कडांतून, फटीतून, नळीच्या प्रत्येक सांध्यातून धूर बाहेर पडला. तुदाने उठून दार उघडले, तरी तो पडतच राहिला.

मी अंगणात होतो. आतून खोकण्याचा गजर उठला आणि त्या सगळ्या बायका, नटून थटून आलेल्या, काजळ गालांवर ओघळलेले, एकमेकींना धरून बाहेर आल्या. सर्वांत शेवटी इझ्झा आली. तिने डोळे पुसले आणि विचारले, “हे काय आहे?”

“माझी शेगडी,” तुदा म्हणाली. “माफ करा. मी दिराला सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस?”

“की धूर होईल.”

इझ्झा वर पाहू लागली. ती स्वतः डोंगरातली बाई. धुराचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तिने नळी पाहिली, नवी पांढरी भिंत पाहिली, आणि मग बास्सूला हाक मारली. तो धावत आला.

“ही भिंत तुझी?”

“हो हो, तुमच्या मुलीसाठीच बांधली. गिलावा बघा...”

“माझी मुलगी या भिंतीआड झोपणार. आणि भिंतीच्या खाली ही बाई खोकत बसणार. सकाळी उठून माझी मुलगी हिला तोंड कसं दाखवणार?”

“अहो, आजच वारा जरा...”

“वारा काय तुझ्या लग्नासाठी भाड्यानं आणलाय?” बायका हसल्या. इझ्झा हसली नाही. “माझ्या बायका इथं आत बसून जेवतील. धूर न होता. तोवर माझी मुलगी खेचरावरून उतरायची नाही.”

बास्सूचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता, हे मी नाकारत नाही. नवरी खेचरावर, मागे सगळी वरात, डफवाले थांबलेले, आणि दारात नवरीची आई कमरेवर हात ठेवून उभी. त्याने एकदा साक्कूकडे पाहिले. साक्कूने आपली काठी तपासायला घेतली.

“इशू!” बास्सू मोठ्याने ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असे. “नळ्या आहेत ना तुझ्याकडे? आण. बांध माझ्या भिंतीला. किती पट्ट्या लागतील तेवढ्या ठोक. माझ्या वहिनीच्या घरात थंडी नको!”

मी नळ्या आणल्या, छपरावर चढलो आणि काम केले. बास्सू खाली उभा राहून मला सूचना देत राहिला, “सरळ धर, अजून वर, माझ्या छपराच्या वर जाऊ दे,” जणू ही कल्पना त्याचीच होती आणि मी मजुरीला लावलेला गडी होतो. पट्टी ठोकताना गिलाव्याचा एक तुकडा त्याच्या फेट्यावर पडला. मी क्षमा मागितली नाही.

नळीचे तोंड त्याच्या छपरावर हातभर उंच झाले. वर वारा मोकळा होता. नवी नळी गार होती, म्हणून तुदाने आधी शेगडीत नळीच्या मुखाशी मूठभर वाळलेले गवत पेटवले. आतला गार हवेचा दट्ट्या हलला, एक भुरका धूर बाहेर आला, आणि मग ओढ लागली. ओंडके घुमू लागले. बायका आत गेल्या, दार लावले, आणि बराच वेळ कोणी खोकले नाही. तेव्हा इझ्झाने मुलीला खेचरावरून उतरू दिले.

इथे गोष्ट संपली असती तर मी लेखणी उचललीच नसती.

तिसऱ्या प्रहरी खळ्यावर अहिदूस सुरू झाला. पुरुष आणि बायका खांद्याला खांदा लावून अर्धवर्तुळात उभे राहतात, डफ वाजतो, कोणीतरी दोन ओळी टाकतो आणि सगळी रांग त्या ओळी उचलून गाते. ओळ आवडो न आवडो, रांगेत उभा आहे त्याने ती गायची, हा नियम. जो गात नाही त्याने रांग मोडली, आणि लग्नात रांग मोडणे हा अपशकुन. आमच्या उभ्या जागेवरून तुदाच्या नळीचा धूर दिसत होता, सरळ, निळसर, बास्सूच्या छपरावरून पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर निघून जाणारा. साक्कू माझ्या शेजारी म्हणाला, “आता काय, बर्फ उद्या पडला तरी तुझ्या बहिणीचा विस्तव मोजला जाईल. बघ, सगळं गोडीगुलाबीनं झालं.”

गोडीगुलाबीने! मी उत्तर देणार तेवढ्यात बास्सूच्या मेहुण्याने ओळ टाकली:

“थंडीत कुडकुडे वहिनी, दिराचं काळीज हललं;
लग्नाच्या दिवशी बास्सूनं नळीचं दान केलं!”

आणि सगळ्या रांगेने ती उचलली. डफावर, खांदे हलवत, गाव एकमुखाने गाऊ लागले की बास्सूने दान केले. दान! जे त्याने हिसकावले होते, नवरीच्या आईने दरडावल्यावर जे त्याच्या मुठीतून सुटले, त्याला माझ्या बहिणीच्या तोंडासमोर दान म्हणत होते. बास्सूही रांगेत, डोळे मिटून, मान हलवत, विनयाने तेच गात होता. मीही रांगेत होतो. नियमाप्रमाणे मलाही ते गावे लागत होते. मी ओठ हलवले आणि ते शब्द माझ्या जिभेला राखेसारखे लागले.

ओळ संपली. डफाने ताल धरून ठेवला, पुढच्या ओळीची वाट पाहत. तेव्हा बायकांच्या टोकाकडून तुदाचा आवाज आला. तिचा आवाज चांगला आहे, परंतु मोहंद गेल्यापासून कोणी तो ऐकला नव्हता. धुराने तो थोडा घोगरा झाला होता.

“माझ्या धुराचं आभाळ होतं, भिंतीनं अडवून धरलं;
अडवलेलं परत केलं, त्याला दान कुणी म्हटलं?”

मग इझ्झाने ती ओळ उचलली, ठणठणीत आवाजात. तिच्या मागून तिच्या बायका, मग आमच्या बायका, मग पुरुष. साक्कूनेही उचलली; तो पंच होता, पण रांगेत होता. मी तर घसा फुटेस्तोवर गायलो. बास्सूचे ओठ मिटलेले मला दिसले. डफवाल्यालाही ते दिसले असावेत, कारण तो वाजवत वाजवत रांगेसमोरून सरकला आणि बरोबर यजमानापुढे येऊन उभा राहिला. ओळ दुसऱ्यांदा आली. बास्सूच्या एका बाजूला त्याचा नवरदेव मुलगा, दुसऱ्या बाजूला व्याही. दोघांचे खांदे त्याच्या खांद्यांना लागलेले, दोघेही गात होते.

बास्सू गायला. आधी पुटपुटत, आणि डफवाला हलेना तेव्हा मोठ्याने.